जुन्या गाडीचा खालचा गंज: काळा डबा सगळ्यात शेवटी उघडा

कोकणपट्टीत वापरलेली जुनी गाडी घेताना लोक बॉनेट उघडून बघतात, टायरची नक्षी बघतात, एसी लावून बघतात. खाली वाकून बघणारा विरळाच. बघितलंच, तर खालची बाजू काळीभोर, नव्यासारखी दिसते आणि माणूस खूश होतो. दहा वर्षं जुनी गाडी खालून इतकी काळी कुळकुळीत असेल तर मला आधी शंका येते. काळ्या डब्यातलं कोटिंग, म्हणजे गंज रोखायला खालून मारायचा थर, गंजावरच मारलं की ओल आणि मीठ आत कोंडलं जातं. वरून काही दिसत नाही, पत्रा मात्र कुजत राहतो.

गंज काढून नवं कोटिंग मारायचं काम काढायचं ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. मे महिन्यात ऊन कडक असलं तरी किनाऱ्यावर हवा दमट असते, आणि पाऊस तोंडावर आला म्हणून घाईत मारलेला थर लवकर सुटतो.

आधी धुवा, मग वाळवा

सर्व्हिसिंगवाल्याकडे रॅम्पवर गाडी चढवून प्रेशरच्या पाण्याने खालून धुऊन घ्या. मडगार्डच्या आतल्या कडा, सस्पेन्शनच्या बेचक्या आणि दारांखालचा पट्टा इथे चिखल साचून राहतो आणि ओल धरून ठेवतो. पाणी गोडच हवं. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्याने धुतलं तर मिठाचा आणखी एक थर चढतो. नंतर आतली मॅटिंग उचलून गाडी निदान दोन दिवस उन्हात ठेवा. मॅटिंगखाली कुबट वास आला तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. दाराचं रबर फाटलेलं असतं, नाहीतर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते.

ठोकून बघा

रंगावर जाऊ नका. जांभ्याची लाल माती बसली की चांगला पत्राही गंजलेला दिसतो. त्या मातीचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच. ओल्या फडक्याने पुसून जातो तो चिखल, खरखरीत राहतो तो गंज. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. शाबूत पत्रा टणटणीत वाजतो, कुजलेला भदभद. जिथे आवाज बसका येतो तिथे टोक दाबून बघा. जॅक लावायच्या जागा, स्टेपनीचा खड्डा, पेट्रोल टाकीचे पट्टे आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या चुकवू नका.

बोलेरो किंवा सुमोसारख्या गाडीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, असते, तिथे चासीच्या पट्ट्या आणि बॉडी बसवायचे माउंटिंग तपासायचे. अल्टोसारख्या गाडीत वेगळी चासी नसते. दारांखालचा पट्टा आणि फ्लोअरचा पत्रा हेच गाडीचं हाड. तिथे भोक पडलं असेल तर पुट्टी आणि फायबर लावून चालत नाही. कुजका भाग कापून, नवा पत्रा वेल्ड करणारा चांगला डेंटर गाठा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा. ब्रेकची नळी गंजून खडबडीत झाली असेल तर ती घासत बसू नका, बदला.

खरवडणं

खरी मेहनत इथे आहे, आणि नेमकी हीच पायरी उरकली जाते. घरी करणार असाल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका. मजबूत स्टँड लावा, चाकांना दगड लावा. डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क. सुटे पापुद्रे पटाशीने काढा, मग वायर ब्रशने, शेवटी पॉलिश पेपरने घासा. ग्राइंडर वापरायचा तर पेट्रोल टाकी आणि इंधनाच्या नळ्यांपासून लांब. ठिणगीला निमित्त पुरतं.

बारीक खळग्यांत जो गंज उरतो त्याच्यासाठी रस्ट कन्व्हर्टर असतं. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक अॅसिड गंजाशी संयोग पावून काळसर, घट्ट थर तयार करतं. सुट्या पापुद्र्यांवर त्याचा उपयोग नाही. संडास साफ करायचं अॅसिड मात्र लावू नका. गंज झटकन निघतो खरा, पण मागे क्लोराइड उरतं आणि जागा पुन्हा गंजते.

चकचकीत उघड्या लोखंडावर जस्ताचं प्रायमर लावा. जस्त लोखंडाला थेट टेकलेलं असेल तरच लोखंडाआधी स्वतः झिजून त्याला वाचवतं. कन्व्हर्टर लावलेल्या जागी इपॉक्सी प्रायमर बरं. डब्यावर लिहिलंय तितकं वाळू द्या, मग रंग.

आता काळा डबा

आता कोटिंग. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे. सायलेन्सर, ब्रेक डिस्क, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट आणि सेन्सर आधी कागद-टेपने झाका. दारांच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती कोटिंगने बुजली की आतलं पाणी आतच राहतं. काम झाल्यावर प्रत्येक भोकातून तार घालून बघा. पोकळ पट्ट्यांच्या आत काळं कोटिंग नाही, पातळ मेणाचा स्प्रे मारायचा. तो सांध्यांत झिरपतो.

जळकं ऑइल आणि डिझेल फवारायची जुनी पद्धत अजून दिसते. ते रबरी बुशांना फुगवतं, धूळ धरतं आणि पहिल्या पावसात अंगणात उतरतं. सोडून द्या.

नंतरचं

काशीदच्या वाळूत गाडी उतरवली, किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर खालून खारं पाणी उडालं, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. ओली गाडी प्लॅस्टिकच्या कव्हरखाली कोंडू नका. दर दिवाळीला टॉर्च घेऊन खाली बघा; खडी लागून टवका उडालेला दिसला तर तेवढीच जागा घासून प्रायमर, रंग आणि कोटिंग लावा.