चामड्याच्या पट्ट्यावर सुरी पाजळताना

दगडावर धार लावली की काम झालं, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. सुरी दोन दिवस छान चालायची आणि मग एकदम बोथट व्हायची. दगडावर घासताना पोलादाची केसाहून बारीक कोर दुसऱ्या बाजूला वळते आणि धारेला चिकटून राहते. सुरुवातीला कापते ती हीच कोर. ती वाकली की तिच्याखालची बोथट कड उघडी पडते. पट्टा ही कोर काढतो. पात्याला खाच पडली असेल, तर मात्र आधी दगडच हवा.

माझा पट्टा म्हणजे 5 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर लांब सपाट फळीवर चिकटवलेलं 2 मिलिमीटर जाडीचं चामडं. टांगता पट्टा वस्तऱ्यासाठी ठीक, सुरीखाली तो झोल खातो. कमरेचा जुना पट्टाही चालेल, फक्त तो अस्सल चामड्याचा हवा, रेक्झिनचा नको. मी खरखरीत बाजू वर ठेवली आहे, कारण लेप तिच्यात धरून राहतो. लेपासाठी क्रोमियम ऑक्साइडची हिरवी कांडी मिळते. पाटीवर खडूने रेघोट्या ओढाव्यात, तेवढीच लावा.

आता हात चालवायचा. पात्याची पाठ पुढे, धार मागे. उलट केलंत तर चामडं कापलं जाईल. कोन दगडावरचाच ठेवा. 4 सेंटिमीटर रुंद पातं 15 अंशांवर धरलं, तर पाठ चामड्यापासून साधारण 1 सेंटिमीटर वर राहते. अंदाज येत नसेल तर धारेचा उतार मार्करने काळा करून दोन हात मारून बघा. शाई अगदी धारेपर्यंत पुसली गेली तर कोन बरोबर. धारेलगत शाई उरली तर पाठ थोडी उचला. फक्त धारेलगतचीच गेली तर पाठ खाली घ्या.

दाब हा सगळ्यात नाजूक भाग. चामडं मऊ असतं, दाबलं की धारेच्या कडेने वर येतं आणि ती गोल करतं. जोर लावून लावून मी एक चांगली सुरी अशीच बोथट करून ठेवली होती. मग वजनकाट्यावर फळी ठेवून काटा शून्यावर आणला आणि 200 ग्रॅमच्या वर जायचं नाही, असा सराव केला. आठवडाभरात हाताला कळू लागलं. दुसरी खोड म्हणजे हात संपता संपता मनगट वर जाणं. तेवढ्यानेही धार जाते. आधी सुरी थांबवा, मग उचला. बाजू बदलताना पातं पाठीवरून वळवा, धारेवरून कधीच नाही. एकदा ही बाजू, एकदा ती, असे प्रत्येकी 15 हात पुरतात.

वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून बघा. एखाद्या ठिकाणी अडकला, तर तिथे कोर अजून शिल्लक आहे. तेवढ्याच भागावर आणखी पाच-सहा हात मारा. नंतर सुरी साबणाने धुऊन कोरडी करा, लेपाचे कण अन्नात जायला नकोत.

हिरवा लेप काळा पडत जातो, ते सुरीचं पोलाद असतं. पृष्ठभाग काळा-चकचकीत झाला की बोथट पात्याने खरवडून नवा लेप लावा. माझी रोजची सुरी आठवड्यातून एकदा पट्ट्यावर जाते, दगड आता दोन-तीन महिन्यांनी निघतो.