गणपतीला घर उघडलं की टीव्ही लगेच लावू नका

मे अखेरीस कुलूप लागलेलं घर गणपतीच्या एक-दोन दिवस आधी उघडायचं, केर काढायचा आणि मुलं मागे लागली म्हणून टीव्हीची पिन सॉकेटात घालायची, हे श्रीवर्धन-हर्णैपासून देवगड-मालवणपर्यंत सगळीकडे चालतं. टीव्हीतला सर्किट बोर्ड उडण्याची नेमकी हीच वेळ.

टीव्हीत पावसाचं पाणी शिरलेलं नसतं, तरी तो जातो. कारण मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ मागच्या जाळीतून आत जाऊन सर्किटवर बसतं. कोरड्या दिवसांत ते काही करत नाही. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की त्याला पाणी सुटतं, जूनमध्ये बरणीतल्या मिठाला सुटतं तसंच, आणि त्या खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. रोज चालणारा टीव्ही स्वतःच्या उबेने आतून कोरडा राहतो. कुलूपबंद घरातला मात्र तीन महिने थंड आणि दमट. त्याला एकदम 230 व्होल्ट दिले की पॉवर सप्लाय शॉर्ट व्हायची भीती असते.

पहिले दोन तास

बाहेर पाऊस लागलेला असताना खिडक्या सताड उघडून खोली सुकत नाही, उलट आणखी ओल आत येते. ऊन पडलं असेल तरच उघडा. नाहीतर दारं लोटून पंखा लावा, एसी असेल तर ड्राय मोडवर दोन तास. टीव्ही भिंतीपासून पुढे ओढून मागच्या जाळीवरची धूळ आणि जळमटं कोरड्या मऊ ब्रशने काढा. मग हेअर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून हातभर अंतरावरून जाळीवर 15-20 मिनिटं फिरवा. पडद्यावर गरम हवा मारू नका. सेटटॉप बॉक्स आणि साउंडबारलाही हाच उपचार.

एचडीएमआयचे पोर्ट टॉर्च मारून बघा. कुंभारमाशीला असली भोकं फार आवडतात. मातीचं घर दिसलं तर लाकडी टूथपिकने हळूच कोरून काढा, टाचणी किंवा स्क्रू ड्रायव्हर नको. पिनांवर हिरवट थर असेल तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. गंजलेले नट सोडवायचा तेलकट स्प्रे इथे चालत नाही, मागे राहिलेल्या तेलावर धूळ धरते. क्लीनर उडून गेल्यावर केबल चार-पाचदा आत-बाहेर करा, घर्षणाने संपर्क साफ होतो.

पिन घालण्याआधी सॉकेटचा व्होल्टेज मोजा. मल्टिमीटरची सवय असेल तरच स्वतः, नाहीतर वायरमनला बोलवा. 215 ते 245 मध्ये असेल तर ठीक. कमी व्होल्टेजला टीव्ही फारसा घाबरत नाही. मागच्या लेबलवर 100-240 व्होल्ट लिहिलेलं असेल तर स्टॅबिलायझरची गरजच नाही, दुकानदार काहीही म्हणो. 260 च्या वर आकडा दिसला, किंवा दिवे मधेच प्रखर आणि मधेच मंद होत असतील, तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) ढिला असण्याची शक्यता मोठी. गणपतीत सगळी वाडी भरलेली असते, रोषणाई, मिक्सर, पाण्याचे पंप एकदम चालतात आणि जुना गंजका जोड अशाच वेळी सुटतो. न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) 350-400 व्होल्टही येऊ शकतात. स्पाइक गार्ड हा सततचा जादा दाब पेलत नाही, आतला घटक जळून जातो. त्यासाठी मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, म्हणजे दाब फार वाढला किंवा घटला की वीज तोडणारं उपकरण, बसवावा लागतो.

अर्थिंगही तेव्हाच तपासून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. फेज-अर्थचा आकडा बराच कमी किंवा सारखा हलता असेल तर अर्थिंग नावापुरतंच आहे. जांभ्याच्या कातळावर हे नेहमीचं दुखणं, शिवाय खड्ड्यातला जीआय पाइप खाऱ्या जमिनीत सडतो. अर्थिंगशिवाय महागडा सर्ज प्रोटेक्टरही जवळजवळ शोभेचाच.

हे सगळं झालं की टीव्ही लावा, उजळपणा कमी ठेवून अर्धा तास. सुरुवातीला पडद्यावर रेघा किंवा ढग दिसले तर घाबरू नका, ओलीचे असतील तर तास-दोन तासांत जातात. तरीही राहिल्या तर पॅनेलच्या कडेच्या बारीक पट्ट्यांचे जोड गंजले असावेत. मग दुरुस्तीला हो म्हणण्याआधी खर्चाचा आकडा विचारून घ्या.

सिग्नल नाही

पावसामुळे की बिघाडामुळे, हे ओळखायची सोपी खूण आहे. सर जोरात असताना चित्र फुटतं आणि ती ओसरली की परत येतं, तर डिश ठीक आहे. डीटीएच ज्यावर चालतं त्या केयू बँडच्या (उपग्रहाच्या उच्च वारंवारतेच्या) लहरी जोरदार पावसात शोषल्या जातातच. 60 सेंटिमीटरच्या जागी 90 ची डिश लावली तर सव्वादोनपट क्षेत्र मिळतं आणि मध्यम सरी निभावतात, मुसळधार पावसाला तीही हरते. पाऊस थांबून दोन-तीन तास झाले तरी बॉक्सच्या मेनूत दिसणारी सिग्नलची क्वालिटी कमीच असेल, तर कनेक्टरमध्ये पाणी आहे.

बॉक्सची पिन काढा (केबलमधून एलएनबीला, म्हणजे डिशच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, 13 किंवा 18 व्होल्ट जात असतात), मग डिशकडचा कनेक्टर सोडवा. मधली तार काळी-हिरवी किंवा तांबूस गंजलेली दिसेल. आरजी-6 या डिशच्या नेहमीच्या केबलच्या स्वस्त प्रकारात ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार असते, मुलामा गेला की आतलं लोखंड खातं. चकचकीत तार लागेपर्यंत दोन-तीन इंच कापा. नवा कनेक्टर लावताना मधली तार 2-3 मिलिमीटर पुढे राहू द्या आणि भोवतीच्या तारांच्या जाळीचा एकही केस तिला चिकटू देऊ नका, नाहीतर शॉर्ट होऊन बॉक्स तक्रार करेल. घट्ट केल्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) ताणून गुंडाळा, वरून साधी काळी टेप. एलएनबीखाली केबलला खालच्या बाजूला एक वळसा ठेवा, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथूनच टपकेल.

केबल निर्दोष असेल तर माडाकडे बघा. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे रत्नागिरीतून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 60 अंश वर. मागच्या वर्षी आड न येणारी झावळी यंदा येऊ शकते.

आवाज

साउंडबार टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच जोडा, टीव्हीचा आवाज बाहेर तिथूनच येतो. दुसऱ्या पोर्टला लावून आवाज येत नाही म्हणून बार बदलायला निघणारे कमी नाहीत. कौलारू घरात वर तोंड असलेल्या अ‍ॅटमॉस (छतावरून आवाज आल्याचा भास देणाऱ्या) स्पीकरवर पैसे घालवू नका. त्यांना आवाज परतवायला सपाट छत लागतं, उतरती कौलं तो भलतीकडे फेकतात. त्याच पैशात संवादांसाठी वेगळा सेंटर चॅनल (मधला स्पीकर) असलेला बार घ्या. पत्र्यावर पाऊस वाजत असताना संवाद ऐकू यायचे तर सेंटर 2-3 डेसिबल वाढवणं हाच खरा उपाय.

परत कुलूप लावताना

टीव्हीवर प्लास्टिक गुंडाळू नका, आतली ओल आतच कोंडते. सुती चादर पुरे. बंद कपाटात केशरी सिलिका जेल पाव किलो ठेवा. रंग पालटला की 120 अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून स्वयंपाकघरात न आणलेलं बरं. डांबराच्या गोळ्या टीव्हीजवळ नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते. रिमोटचे सेल काढा. सबवूफरच्या भोकात कापड कोंबा, पाली आणि झुरळं आत जाऊ नयेत म्हणून.

परतीच्या पावसात विजा फार, त्यामुळे नुसती बटणं बंद करून भागत नाही. सगळ्या पिना सॉकेटातून काढा, डिशची केबल बॉक्सपासून सोडवून लांब ठेवा, राउटरकडून टीव्हीकडे जाणारी लॅनची वायरही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण खांबावरून आलेल्या केबलीत आधाराची पोलादी तार असेल तर ती घराबाहेरच कापून थांबवायला इंटरनेटवाल्याला सांगा.