किराण्याची कविता कशी बांधायची

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत दुकानाच्या गल्ल्यावर बसून मी कविता जुळवतो. पीठ, मीठ, तेल, काडेपेटी अशी यादी गिऱ्हाईक वाचतं, तेव्हा विषय आयता समोर येतो. पण नुसती यादी म्हणजे कविता नव्हे, तिला ताल लागतो.

आधी छंद ठरवा. नवख्यानं देवद्वार घ्यावा: ६, ६, ६, ४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. जोडाक्षर एकच धरायचं, लघु-गुरू (आखूड-लांब उच्चार) बघायचं नाही. मात्रावृत्तात लघूची एक, गुरूची दोन मात्रा धरतात, म्हणून 'मीठ' तीन मात्रांचं, 'काडेपेटी' आठांची; तिथं हिशेब लई किचकट.

पिठाचा हा डबा
खडखडे रिता
दळून आणिता
सांज झाली

('आणिता' जुनं रूप आहे. छंदात चालतं.)

पीठ-मीठ हे यमक घेऊ नका. ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. 'असावे-मिळावे' तर त्याहून पोकळ, कुठलंही क्रियापद तिथं बसतं. वस्तू पहिल्या चरणात सांगून टाका आणि तिच्यापायी होणारी ओढाताण यमकात आणा.

आता पालुपद. चौथा चरण आखूड असतो, आवाज तिथं टेकतो, म्हणून ते तिथंच बसवा. शब्द तेच ठेवा, कारण मात्र दर कडव्यात बदला. आमच्याकडं पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतंच:

मिठाला सुटले
श्रावणाचे पाणी
नवे कोण आणी
सांज झाली

इथं सांज म्हणजे आळस. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात पाणी उपसा केंद्रं बुडाली, गाव पाण्यात आणि नळ कोरडे. तेव्हाची सांज वेगळी:

पुराच्या वेढ्यात
कोरडाच नळ
पायांना ये कळ
सांज झाली

टँकर, रांग, हंडा यातलं काही लिहिलं नाही. पायांतली कळ पुरे.

तीन-चार कडव्यांपलीकडं पालुपद ताणू नका. पुढं जायचंच असेल तर एका कडव्यात ते मोडा: 'सांज झाली'च्या जागी 'दिवा लावा' म्हणा, अक्षरं चारच राहतात आणि कान टवकारतात.

शेवटी टाळी धरून मोठ्यानं म्हणा, भजनात म्हणतात तसं. तिसऱ्या चरणाचं यमक संपलं की दम न घेता चौथ्यावर या. टाळी जिथं घसरेल तिथली अक्षरं परत मोजा. बहुतेक एखादा 'तर' नाहीतर 'ही' फुकटचा घुसलेला असतो.