हातात कामं कमी घ्या, लवकर सुटतील

जळगाव-भुसावळकडच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत हे नेहमीचंच: रावेरच्या केळी व्यापाऱ्याची काटापावती अर्धवट, दालमिलचा जीएसटी रिपोर्ट अर्धवट, तरी सोमवारी नवं काम सुरू. माणसं वाढवण्याआधी प्रत्येक कामाची चिठ्ठी फळ्यावर टप्प्याटप्प्याच्या रकान्यांत लावा आणि चालू कामांची मर्यादा तिथेच लिहा. ४ डेव्हलपर असतील तर एका वेळी ५ कामं, बस्स.

यामागचं गणित अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं. चालू कामांना आठवड्यात संपणाऱ्या कामांनी भागा, एका कामाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. १५ चालू आणि आठवड्याला ५ संपत असतील तर ३ आठवडे. चालू कामं ५ वर आणली आणि वेग तोच राहिला, तर १ आठवडा.

गाडी बहुतेकदा ‘टेस्टिंग’च्या रकान्यात अडते. तिथे चिठ्ठ्या साचल्या की नवा कोड बंद. मोकळ्या डेव्हलपरनेही टेस्टिंगलाच बसायचं. (कुरकुर होते, होऊ द्या.) ‘भाऊ, आजच पाहिजे’ असा फोन येणारच. त्यासाठी तातडीची एकच जागा ठेवा. ती भरलेली असेल तर आधीचं कोणतं काम मागे सारायचं, ते मालकाने ठरवावं, डेव्हलपरने नाही.