सजगता मोजायची तर प्रश्नावली कशी भरावी?

ध्यानाला बसून दोन महिने झाले की मनात येतंच: फरक पडतोय का, सजगता म्हणजे आत्ता जे चाललंय त्याचं भान वाढतंय का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर घरबसल्या थोडंफार शोधता येतं.

सुरुवातीला 'माइंडफुल अटेन्शन अवेअरनेस स्केल' ही प्रश्नावली घ्या. ब्राउन आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. विधानं फक्त १५, आणि सगळी बेभानपणाची: नाव सांगितल्या सांगितल्या विसरणं, लक्ष नसताना काहीतरी खात राहणं. असं तुमच्या बाबतीत जवळपास नेहमी होत असेल तर १, जवळपास कधीच होत नसेल तर ६. बेरजेला १५ ने भागा. आकडा जितका मोठा, तितकी सजगता जास्त.

एक विधान गाडी चालवण्याबद्दल आहे. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी म्हणजे लोकल. मी तिथे कुर्ल्याला उतरायचं असताना भानावर यायला घाटकोपर उजाडतं, ते प्रसंग धरते. तुम्ही जो अर्थ घ्याल, तोच पुढच्या वेळीही घ्या.

भरताना आजचा दिवस कसा गेला ते पाहू नका, एरवी कसं होतं ते आठवा. ध्यानावरून उठल्या उठल्या किंवा गर्दीतून घामाघूम होऊन आल्यावर भरू नका. आठ आठवड्यांनी पुन्हा भराल तेव्हा वार आणि वेळ तीच ठेवा. पहिली उत्तरं तोवर उघडायची नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझी सरासरी पहिल्यांदा ४.६ होती, आठ आठवड्यांनी ३.८ झाली. फार वाईट वाटलं. मग एकेक विधान ताडून पाहिलं. खाण्याच्या विधानाला आधी मी बिनधास्त ५ दिले होते. मधल्या काळात एका रविवारी पोह्यांची बशी रिकामी झालेली दिसली, आणि लिंबू पिळलं होतं की नाही तेही आठवेना. हातात मोबाइल होता. दुसऱ्यांदा २ दिले. सवय बिघडली नव्हती, ती आता दिसायला लागली होती. स्वतःच स्वतःला गुण देण्यातली ही मोठी अडचण आहे: ज्याचं लक्ष नसतं त्याला लक्ष नसल्याचंही कळत नाही. म्हणून आकडा घसरला तर ध्यान सोडू नका.

आणखी खोलात जायचं असेल तर २००६ ची 'फाइव्ह फॅसेट' प्रश्नावली आहे, ती सजगतेचे पाच पैलू वेगवेगळे मोजते. ३९ विधानं, १ ते ५ गुण, त्यातल्या १९ विधानांचे गुण उलटे धरायचे (५ चा १, ४ चा २). पाचही पैलूंची बेरीज वेगवेगळी ठेवा. 'निरीक्षण' (शरीरात आणि आजूबाजूला काय जाणवतंय ते टिपणं) या पैलूवर एकट्यावर विसंबू नका. ध्यान न करणाऱ्यांमध्ये तो बाकीच्या पैलूंशी नीट जुळला नव्हता. छातीतली धडधड सतत जाणवणं ही नुसती काळजीही असू शकते. अशी काळजी किंवा उदासी हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा, या प्रश्नावल्या निदानासाठी नाहीत.

जोडीला एक साधी मोजणी करा. दादरला बसायला जागा मिळाली की श्वास १ ते ९ मोजा, पुन्हा १ पासून. कुर्ला येईपर्यंत गणती किती वेळा चुकली, ते वहीत तारखेसमोर लिहा.