मांड पक्की, हिशेब कच्चा : घोड्यांच्या व्यवसायात या चुका टाळा

घोड्यांच्या धंद्यात बहुतेकजण एकाच वाटेने शिरतात. आधी रपेटीची गोडी लागते, मग एक घोडा घेतला जातो, मग त्याच्या सोबतीला दुसरा. तीन घोडे ठाणावर उभे राहिले की प्रश्न पडतो, यांच्यावर आपलं पोट कसं चालवायचं? मीही असाच आलो. म्हणून आज कोणी सल्ला विचारायला आलं, की घोडा दाखवण्याआधी मी त्याच्यापुढे वही ठेवतो. घोडा रोज खातो, कमाई रोज होत नाही. पुढच्या बहुतेक चुका एवढी एक गोष्ट विसरल्याने होतात.

वैरण, लीद आणि रिकामे दिवस

साधारण 450 किलोच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे 9 किलोच्या आसपास सुकी वैरण लागते. पाच घोड्यांची वर्षाची वैरण साडेसोळा टनांच्या घरात जाते. ती कुठून आणायची आणि कुठे ठेवायची, हे घोडा घेण्याआधी ठरलेलं हवं. हंगामात गवत मुबलक आणि स्वस्त असतं. ज्याच्याकडे कोरडी कोठी नाही, तो उरलेले महिने चढ्या भावाने मिळेल ते गवत घेतो. नीट न वाळलेलं गवत रचून ठेवलं तर ते आतून तापतं, बुरशी धरतं, आणि कधीकधी आपोआप पेटही घेतं. बुरशीची धूळ घोड्याच्या छातीत गेली की खोकला लागतो, आणि जुनाट खोकल्याचा घोडा कामाला जुंपता येत नाही.

लिदीचा विचार तर कोणीच केलेला नसतो. लीद आणि मूत मिळून एका घोड्यामागे रोज 20-22 किलो धरा. पाच घोड्यांचे वर्षाला 40 टन होतात. ते खत म्हणून नियमित उचलणारा माणूस आधी शोधा, नाहीतर माशा आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी पहिल्याच महिन्यात सुरू होतील.

नालबंद, म्हणजे खूर कापून नाल ठोकणारा कारागीर, दर सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा, मग घोड्याने त्या काळात काम केलेलं असो वा नसो. दातांची तपासणी वर्षातून एकदा तरी, धनुर्वाताची लस, जंतांसाठी लीदतपासणी, हे सगळं ठरलेलं. उलट कमाईच्या बाजूला पाऊस, कडक ऊन, लंगडा पाय आणि न येणारे विद्यार्थी असतात. सहा महिने एक पैसा आला नाही तरी घोड्यांचं खाणं, खूर आणि औषधपाणी थांबणार नाही, एवढी शिल्लक नसेल तर पुढचा घोडा घेऊ नका. लोकांना हे जरा जास्तच कडक वाटतं. पण पैसे संपले की सगळ्यात आधी घोड्याची चंदी, म्हणजे दाणा, कमी होते, हे मी पाहिलं आहे, म्हणून या आकड्यात मी सूट देत नाही.

खरेदीतली फसगत

शिकवणीसाठी मी एकदा एक घोडी घेतली. विकणाऱ्याच्या तबेल्यात ती अतिशय शांत होती. लहान मूल बसवलं, दुडकी चालवली, कान हलवले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्याकडे ती पुढचा डावा पाय टेकवेना. वेदनाशामक उतरलं होतं. मी डॉक्टर नेला होता, पण तो विकणाऱ्यानेच सुचवलेला होता.

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो. डॉक्टर माझा असतो आणि त्याचे पैसे मीच देतो. रक्ताचा नमुना घेऊन ठेवायला सांगतो, म्हणजे गुंगीचं किंवा वेदनाशामक औषध दिलेलं असेल तर ते नंतरही सिद्ध करता येतं. कठीण जमिनीवर, लहान गोलात, दोन्ही बाजूंनी दुडकी बघतो. मऊ रेतीत लपणारं लंगडणं तिथे उघडं पडतं. डॉक्टर पाय काही वेळ दुमडून धरून लगेच पळवून बघतो, ती चाचणी सोडू देत नाही. मी पोहोचण्याआधीच घोड्यावर खोगीर चढलेलं असेल आणि अंग घामाने ओलं असेल, तर मी दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जातो. ठाणावरून बाहेर काढताना, खरारा करताना आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडा काय करतो, त्यात त्याच्या अर्ध्या खोडी कळतात. तंग आवळताना जो कान मागे पाडून चावायला वळतो, त्याची पाठ किंवा पोट दुखत असण्याची शंका घ्यावी.

कोवळा घोडा स्वस्तात मिळतो म्हणून शिकवणीला घेणं ही मोठीच चूक आहे. नवशिका स्वार आणि नवशिका घोडा यांची जोडी कोणाला तरी दवाखान्यात पाठवते. घोडा 25-30 वर्षं जगू शकतो. दहा-पंधरा वर्षांचा, शंभर प्रकारचे स्वार पाहिलेला घोडा शिकवणीसाठी लाखमोलाचा.

घोडा घरी आणल्यावर त्याच दिवशी त्याला इतरांच्या शेजारी बांधू नका. दोन ते तीन आठवडे तो वेगळा राहू द्या. त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा, आणि मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) एकच असेल तर त्याने नव्या घोड्याचं काम शेवटी करावं. स्ट्रँगल्स नावाच्या रोगात जबड्याखाली गाठी येऊन पिकतात, आणि लागण झाल्यावर लक्षणं दिसायला 3 ते 14 दिवस लागतात. बाहेरून ठणठणीत दिसणारा घोडा अख्खा तबेला बंद पाडू शकतो. रोज दोनदा ताप मोजा. निरोगी घोड्याचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असतं. त्याच्या वर गेलं की डॉक्टरला फोन करा.

घोडा अडतो तेव्हा

मराठीतलं जुनं कोडं आहे, ‘घोडा का अडला?’ उत्तर, ‘न फिरवल्याने.’ व्यवसायातला घोडा मात्र बहुतेक वेळा फार फिरवल्याने अडतो. काल निमूट चालणारा घोडा आज दारातून बाहेर पडत नाही, विद्यार्थी वर बसताच शेपूट आपटतो. अशा वेळी हाताला आधी चाबूक लागतो. तो खाली ठेवा.

आधी पाठ बघा. काम झाल्यावर खोगीर काढा. घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा डाग राहिला असेल, तर तिथे खोगीर दाबतं आहे. मग तोंड बघा, धारदार झालेल्या दाढा गालाला आतून कापतात. मग खूर आणि नालेचे खिळे. मग पोट. घोड्याचं जठर लहान असतं आणि त्यात आम्ल अखंड पाझरत राहतं, पोटात गवत असो वा नसो. सकाळी चंदी देऊन दुपारपर्यंत रिकामा बांधलेला घोडा अल्सरने हैराण होतो, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. थोडं थोडं गवत दिवसभर पुढे ठेवल्याने बरेच ‘खोडील’ घोडे सुधारलेले मी पाहिले आहेत. चंदी बदलायची असेल तेव्हा सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला.

स्वाराचं वजनही बघा. खोगिरासकट ते घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. 450 किलोच्या घोड्यावर 90 किलो झाले की थांबायचं. भारी गिऱ्हाईक परत पाठवताना जीव कासावीस होतो, पण पाठ गेलेला घोडा परत मिळवता येत नाही.

हे सगळं ठीक असेल तर माणसांकडे बघा. 1904 मध्ये बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याची गणितं तपासायला समिती बसली होती. टाप आपटून तो उत्तरं देत असे. 1907 मध्ये मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की हान्स प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगाचा बारीकसा ताण वाचून थांबतो. मालकाने फसवणूक केलेली नव्हती, त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. इतकं बारीक वाचणाऱ्या जनावराजवळ तुम्ही दर दोन महिन्यांनी नवा, घाबरलेला किंवा चिडलेला मोतद्दार उभा करता, तेव्हा घोडा बिघडणारच. चांगल्या मोतद्दाराला वेळेवर पगार आणि आठवड्याची सुट्टी देणं हे घोड्याच्या शिक्षणाचाच भाग आहे.

एक गोष्ट मात्र तपासत बसायची नाही. घोडा पोटाकडे वळून बघतो, लोळतो, लीद टाकत नाही, खाणं सोडतो, म्हणजे पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं वाटेत अडकलं तर जीव जातो. पुढची वैरण काढून घ्या आणि डॉक्टरला बोलवा. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून गेलेले घोडे मला आठवतात.

दुसऱ्याचा घोडा सांभाळताना

पोटशूळाच्या रात्री मालक फोन उचलत नाही आणि डॉक्टर विचारतो, ‘शस्त्रक्रिया करायची का? पैसे कोण देणार?’ याचं उत्तर घोडा ठेवून घेतला त्या दिवशी कागदावर लिहिलेलं असायला हवं. तातडीच्या उपचाराची परवानगी, खर्चाची मर्यादा, महिन्याचे पैसे आगाऊ, थकले तर काय, नाल आणि लस कोणाकडे. ओळखीतला माणूस असेल तर हे जास्तच नीट लिहा. शिकवणीसाठी विमा काढा, हेल्मेटशिवाय कोणालाही बसवू नका, आणि जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बाद करा.

घोडा न घेताही

करिअर म्हणजे स्वतःचा तबेला किंवा स्पर्धेतली स्वारी, असं तरुण मुलं धरून चालतात. नालबंदी, दातांचं काम, खोगीर बसवणं, घोड्यांची वाहतूक, पैदाशीची देखरेख, आहाराचा सल्ला, या सगळ्यांत कसबी माणसं लागतात आणि त्यांच्या डोक्यावर साडेसोळा टन वैरणीचं ओझं नसतं. नालबंदी शिकायला मात्र वर्षं जातात आणि कंबरेची परीक्षा होते, हे मनाशी धरूनच उतरा.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओमुळे गुडघ्याखाली पायांत ताकद नव्हती. त्यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे ठरलेल्या चाली आणि हालचाली घोड्याकडून करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक मिळवलं आणि घोड्यांच्या साहाय्याने उपचार या कामाला मोठी चालना मिळाली. हे काम मला फार मोलाचं वाटतं. पण प्रशिक्षित थेरपिस्ट सोबत नसताना केवळ शांत घोडा आहे म्हणून ते सुरू करू नये.

शिकाऊ मुलांना एकच सांगेन. ‘रपेट मिळेल’ एवढ्यावर वर्षानुवर्षं फुकट राबू नका. काय शिकवणार, किती महिने आणि त्यानंतर किती पगार, हे पहिल्या दिवशी विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे राहू नका.

ती पाय धरलेली घोडी मी परत विकली नाही. खरं सांगून कोणी घेणार नव्हतं, खोटं सांगायचं नव्हतं. ती आता नव्या घोड्यांना सोबत करते, कमाई काही करत नाही. महिन्याचा हिशेब मांडताना पहिली ओळ तिची असते. रोज 9 किलो वैरण, आणि दर सात आठवड्यांनी नालबंद.