पन्नाशीत पुन्हा वही उघडताना

लिहिणं मी चार वेळा सोडलं आणि चार वेळा पुन्हा धरलं. मधल्या वर्षांत जलरंग केले, पेटी शिकले, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत मध्यमा पूर्णपर्यंत गेले, गच्चीवर भाजी लावली. शेवटचं परतणं एक्कावन्नाव्या वर्षी झालं आणि ते टिकलं. त्यानंतर ओळखीतल्या सात-आठ जणी परत लिहायला लागल्या, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसले होते. गाडी कुठे अडते ते त्यामुळे मला पक्कं माहीत आहे.

वेळ नाही म्हणून काही अडत नाही. पेटीसाठी पाऊण तास निघत होता, तसाच लिहिण्यासाठीही निघतो. मन लागत नाही म्हणूनही अडत नाही. वांग्याच्या रोपाला फळ धरेपर्यंत दोन-अडीच महिने धीर धरणाऱ्या माणसाला मन लावायला कुणी शिकवायला नको. ‘पहाटे पाचला उठा’, ‘रोज तीन पानं भरलीच पाहिजेत’ हे सल्ले मला म्हणूनच निरुपयोगी वाटतात. जे दुखतच नाही त्यावरचं ते औषध आहे.

हा लेख पूर्वी स्वतःपुरतं लिहिणाऱ्यांसाठी आहे. कुणी रोजनिशी लिहिली असेल, कुणी लांबलचक पत्रं, कुणाचं कॉलेजच्या वार्षिकांकात एखादं ललित छापून आलं असेल.

१. वही आणि पेन

दोनशे पानी साधी रेघी वही आणि बॉलपेन. भेट मिळालेली जाड पुठ्ठ्याची देखणी डायरी नको, कारण तिच्यात चांगलंच लिहायला हवं असं हाताला वाटत राहतं. तारखा छापलेली डायरीही नको, कारण कोरी राहिलेली पानं रोज टोचतात. शाईचं पेन वापरायचंच असेल तर पाण्याने पुसली जाणारी निळी शाई टाळा. जलरंग केलेल्यांना वेगळं सांगायला नकोच, पण एका गळक्या छपराने माझ्या दोन वह्या नेल्या आहेत.

२. हातातला छंद सोडू नका

‘आता बाकीचं बंद करा आणि फक्त लिहा’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. चौदा वर्षं हातात असलेली गोष्ट एका दिवसात काढून घेतली की त्या जागी लिहिणं येत नाही, नुसती चिडचिड येते. छंदाच्या शेपटीला लिहिणं बांधा. मी रियाज संपवून पेटीचा भाता बंद करते आणि तिथेच, त्याच सतरंजीवर, वीस मिनिटं लिहिते. कान जागा असतो, बोटं मोकळी असतात आणि ‘ही आता पाऊण-एक तास आपली नाही’ हे घरातल्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. बागेत काम करत असाल तर हात धुतल्यावर लगेच बसा.

३. जुन्या डायऱ्या तीन महिने उघडायच्या नाहीत

ट्रंकेत राहू द्या. वाचल्यात तर एक तर चोविसाव्या वर्षीची तुम्ही आपल्यापेक्षा बरं लिहायची असं वाटेल, नाहीतर गेलेली माणसं पानापानावर भेटतील आणि संध्याकाळ त्यातच जाईल. दोन्ही वेळा वही कोरीच राहते.

४. पहिले दोन आठवडे

येईल ते लिहा. वाचू नका.

५. तिसरा आठवडा: इथेच बहुतेक सगळे थांबतात

तिसऱ्या आठवड्यात तुम्ही मागची पानं वाचाल आणि वही मिटून ठेवावीशी वाटेल. मी तीन वेळा इथेच मिटली. तेव्हा मला वाटलं होतं की लिहिण्याची धार गेली. खरं कारण वेगळं होतं आणि ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

मध्यंतरीच्या काळात आपण लिहीत नव्हतो, तरी शब्द हातात साचतच होते. वीस वर्षं ऑफिसात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहिलं. रोज सकाळी फोनवर आयुष्याबद्दलचे सुविचार वाचले. निरोप समारंभात भाषणं केली. मुलांचे निबंध तपासले. पुन्हा वही उघडली की सगळ्यात आधी बाहेर पडतं ते हेच. माझ्या त्या वेळच्या वहीतला हा उतारा जसाच्या तसा देते:

“आईची पिढीच वेगळी होती. त्यांनी कधी स्वतःचा विचार केला नाही. त्यांच्या त्यागावर आपली घरं उभी राहिली. आज घरात सगळं काही आहे, पण ती माया आता शोधूनही सापडत नाही.”

यात खोटं काहीच नाही. पण यात माझी आई कुठे आहे? ही कुणाचीही आई आहे. या चार ओळी कुठल्याही हॉलमध्ये वाचल्या तरी टाळ्या पडतील, आणि त्या लिहिताना मला आईबद्दल एकही नवी गोष्ट कळली नाही.

यातून मला बाहेर काढलं ते जलरंगाच्या वर्गाने. आमच्या चित्रकलेच्या बाई समोर कृष्णाकाठचं वांगं ठेवायच्या. मी सहा आठवडे वांगी काढली. सगळी गुळगुळीत, जांभळी, हिरव्या टोपीची. एक दिवस बाईंनी वांगं पदराखाली झाकलं आणि विचारलं, “देठाचे काटे कुठल्या बाजूला आहेत?” मला सांगता येईना. मी वांग्याकडे बघतच नव्हते. लहानपणापासून डोक्यात बसलेलं वांगं कागदावर उतरवत होते. चौथ्यांदा वही उघडली आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, तेव्हा हा प्रश्न आठवला. उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईचा पिठाचा पितळी डबा आणून समोर ठेवला. दहा मिनिटं नुसती बघत बसले. मग लिहिलं:

“डब्याच्या झाकणावर टिंबा-टिंबांनी अक्षरं कोरली आहेत. चि. सौ. कां., मग खरवडलेली जागा, मग ‘हिस मामाकडून’ आणि तारीख १४-५-६८. खरवडलेल्या जागी आईचं माहेरचं नाव होतं. भांडी आधी कोरून झाली आणि नाव लग्नात बदललं. ते तिने स्वतः खरवडलं की दुसऱ्या कुणी, हे मी कधी विचारलं नाही. डबा तिने पन्नास वर्षं वापरला. झाकण लावताना अक्षरांची बाजू ती भिंतीकडे करायची.”

शेवटचं वाक्य लिहीपर्यंत ते मला आठवत असल्याचं मला माहीत नव्हतं. डबा समोर होता, मी झाकण फिरवलं, तेव्हा ते आलं. या परतण्यातला अवघड भाग एवढाच आहे आणि तो हाताने करायचा आहे, विचाराने होत नाही. कसा करायचा ते सांगते.

हात पोचेल अशी एक वस्तू समोर ठेवा. फोटो चालणार नाही, याबद्दल मी ठाम आहे. फोटोत काय दिसावं हे दुसऱ्याने ठरवलेलं असतं आणि माणसं त्यात फोटोसाठी उभी असतात. अडकित्ता, रेशनकार्ड, वडिलांची छत्री, मुलीच्या पहिल्या शाळेचा बिल्ला, असं काहीतरी घ्या. उचलून बघा, उलटं करा, वास घ्या. दहा मिनिटं घड्याळ लावून बसा. ही दहा मिनिटं फार लांबतात आणि मध्येच लिहायला सुरुवात करावीशी वाटते. करू नका. पहिल्या दोन-तीन मिनिटांत सुचतं ते सगळं जुनं, साचलेलं असतं.

मग डोळ्यांना दिसलं, हाताला लागलं, कानावर पडलं तेवढंच लिहा. महिनाभर काही शब्दांवर बंदी घाला. माझी यादी अशी होती: आठवणी, माया, त्याग, आयुष्य, काळ, हळवं, संस्कार. शब्द वाईट नाहीत. पण ते आले की बघणं थांबतं. मोठा विचार सुचलाच तर समासात लिहा आणि पुन्हा वस्तूकडे या. समासातलं महिन्याने वाचलंत तर बहुतेक सगळं सोडून द्यावंसं वाटेल.

कधी न विचारलेला प्रश्न लिहिता लिहिता समोर येईल. त्याचं उत्तर स्वतःच रचू नका. प्रश्न आहे तसा लिहा आणि पुढे जा. ‘बहुधा आईला वाटलं असेल’ असं सुरू झालं की पाच ओळींत तुम्ही पुन्हा भाषणात पोचलेले असता.

आणि हे पान लिहून झाल्यावर त्रास होतो, हेही आधीच सांगून ठेवते. मला दोन दिवस झोप नव्हती. अशा वेळी वही बंद ठेवा आणि दुसरा छंद पुढे घ्या. मी त्या दोन दिवसांत गच्चीवरच्या सगळ्या कुंड्यांची माती बदलली. वाफे, रंग, पेटी यांचा लिहिणाऱ्याला खरा उपयोग इथे होतो. नुसतं लिहिणाऱ्यांकडे ही जागा नसते.

६. घरात वाचून दाखवू नका

डब्याचं पान मी आनंदाच्या भरात नात्यातल्या चार माणसांना वाचून दाखवलं. एकाने लगेच म्हटलं, “असं काही नव्हतंच. तुझ्या मनाचं आहे.” दुसऱ्याला वाटलं मी घराण्याची गाऱ्हाणी बाहेर काढते आहे. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, पण त्यानंतर सात महिने मी एक ओळ लिहिली नाही. म्हणून माझा नियम असा आहे: घरातल्यांबद्दलचं पान सहा महिने कुणालाही दाखवायचं नाही, नवऱ्यालाही नाही, जिवलग मैत्रिणीलाही नाही. सहा महिन्यांनी त्यातलं काय तुमचं आणि काय दुसऱ्याचं हे तुम्हालाच दिसेल, आणि काही पानं कधीच दाखवायची नाहीत हेही कळेल. वही कुठे ठेवायची ते पहिल्याच दिवशी ठरवा. देवघराखालच्या कपाटात ठेवू नका, सगळे तिथेच हात घालतात.

७. तरीही भाषणाचा सूर सुटत नसेल तर पोस्टकार्ड आणा

साधं पोस्टकार्ड, पन्नास पैशांचं. एकाच माणसाला लिहा. निबंधाला समोर माणूस नसतो, पत्राला असतो, आणि मराठीत तर पहिल्याच ओळीत तू, तुम्ही की अहो हे ठरवावं लागतं. ते ठरलं की निम्मं खोटं गळून पडतं. ‘तू’ म्हणून हाक मारलेल्या बहिणीला ‘त्यांच्या त्यागावर घरं उभी राहिली’ असं कुणी लिहीत नाही. जागा एवढीशी असते की दोन गोष्टी जेमतेम मावतात. गेलेल्या माणसालाही लिहा, अगदी ‘तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार’ घालून. पोस्टात टाकू नका, वहीत ठेवा.

८. शुद्धलेखन

आत्ता नको. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ पासून आहेत, ते पुढच्या वर्षीही असतील. माझ्या आजीच्या पत्रांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे आज आपण देत नाही ते अनुस्वार जागोजागी आहेत आणि तिचं बोलणं पहिल्या ओळीपासून ऐकू येतं. ऱ्हस्व-दीर्घ पाहायला थांबलात की समोरची वस्तू निसटते. बाहेर पाठवायचं ठरलं की तेव्हा नीट करा.

९. फोनवर बोलून टाइप करणं

पहिला खर्डा तरी नको. बोलताना आपण समोरच्याला पटवायला लागतो.

१०. मोठ्याने वाचणं

खोलीचं दार लावून, स्वतःला. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा. पेटी वाजवणाऱ्यांना हे दोन मिनिटांत जमतं.

११. छापायला द्यायचं का?

पहिल्या वर्षी देऊ नका. आपल्याकडे १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून लिहिणाऱ्या माणसाच्या मनात दिवाळी अंक असतोच, माझ्याही होता. पण अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते आणि तारीख डोक्यात शिरली की पाचव्या पायरीवर टाकलेले सगळे शब्द परत येतात. मी एकदा तारखेसाठी लिहिलं आणि ते छापूनही आलं. त्यात माझ्या वडिलांचा उल्लेख आहे, वडील नाहीत.

१२. वही भरल्यावर

शेवटच्या पानावर फक्त वस्तूंची यादी करा: पान क्रमांक आणि वस्तू. शेजारी, बाहेर काढल्या पण लिहून झाल्या नाहीत अशांची दुसरी यादी करा. पुढची वही तिथून सुरू होते. माझ्या दुसऱ्या यादीत वडिलांच्या चष्म्याचं घर दोन वर्षं आहे. परवा ते काढून पेटीवर ठेवलं आहे. आत चष्मा नाही, घडी घातलेली एसटीची दोन तिकिटं आहेत.